दार बंद ठेवण्यासाठी ‘आम्ही हिंदू नाही’ : सत्संगी खटल्याचा अभ्यास

१९४८ च्या जानेवारीत अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात एक दावा दाखल झाला. वादी होते स्वामिनारायण संप्रदायाचे अनुयायी, म्हणजे सत्संगी. प्रतिवादी होते मूळदास भूधरदास वैश्य, महागुजरात दलित संघाचे अध्यक्ष. नव्या कायद्याने दिलेला हक्क बजावून संप्रदायाच्या मंदिरांत प्रवेश करण्याचा इरादा त्यांनी व्यक्त केला होता. तो कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही असे न्यायालयाने जाहीर करावे आणि मूळदास व त्यांच्यासारख्यांना मनाई हुकूम द्यावा, असे वादींचे मागणे होते. त्यांनी दिलेले कारण असे की कायदा हिंदू मंदिरांसाठी आहे आणि आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे.

या दाव्याचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयात १४ जानेवारी १९६६ रोजी लागला. शास्त्री यज्ञपुरुषदासजी विरुद्ध मूळदास भूधरदास वैश्य या नावाने तो ओळखला जातो. हिंदू कोण, या प्रश्नावर भारतीय न्यायालयांनी पुढे जे काही म्हटले त्यातले बरेचसे याच निकालाच्या आधाराने म्हटले आहे. निकालातली वाक्ये भाषणांत आणि लेखांत सर्रास फिरतात. ती कोणत्या भांडणात, कोणत्या कारणासाठी लिहिली गेली हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

पार्श्वभूमी

मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा मुंबई प्रांतात नवा नव्हता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि काही वर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले आणि तिथले दार उघडले. त्याच वर्षी बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई हरिजन मंदिरप्रवेश कायदा केला. तेव्हा अहमदाबादही मुंबई प्रांतातच होते, म्हणून पंढरपूरला लागू असलेला कायदा अहमदाबादलाही लागू होता.

कायद्याने शब्द वापरला ‘हरिजन’, आणि मूळदासांच्या संघटनेच्या नावात शब्द होता ‘दलित’. १९४८ सालची ही तफावत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कायद्याचे सूत्र साधे होते. हिंदू समाज किंवा त्यातला एखादा विभाग जिथे पूजाअर्चेसाठी जातो ते मंदिर; आणि तिथे इतर हिंदूंना ज्या रीतीने व ज्या मर्यादेपर्यंत जाता येते, त्याच रीतीने व त्याच मर्यादेपर्यंत हरिजनांना जाता येईल. हक्क तुलनेने दिलेला आहे. हक्काचे माप ‘इतर हिंदू’ हेच असल्यामुळे त्यातून सुटायचे असेल तर वाटा दोनच उरतात. इतर हिंदूंना इथे हक्काने येताच येत नाही असे सिद्ध करायचे, किंवा ही जागा हिंदूंची नाहीच असे म्हणायचे.

पहिल्या वाटेचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या जैन मंदिराचा वाद याच कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात गेला. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९५१ मध्ये निर्णय दिला की, जैनांना हिंदू कायदा लागू होत असला तरी त्यांचा धर्म स्वतंत्र आहे. जैनेतर हिंदूंना त्या मंदिरात हक्काने प्रवेश असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणून हरिजनांनाही तो मिळत नाही. सत्संगींच्या दाव्यात पंधरा वर्षांनी अंतिम निकाल लिहिला तो याच गजेंद्रगडकरांनी. तोवर ते सरन्यायाधीश झाले होते आणि निवृत्तीला दोन महिने उरले होते.

दावा कसा फिरत गेला

सप्टेंबर १९५१ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयाने सत्संगींच्या बाजूने हुकूमनामा दिला. मात्र तो त्यांच्या आवडत्या मुद्द्यावर नव्हता. संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा असल्याचे न्यायाधीशांना पटले नाही. वादी जिंकले ते वहिवाटीवर: सत्संगी नसलेले हिंदू या मंदिरांत हक्काने पूजा करतात असा पुरेसा पुरावा नव्हता, म्हणून ती कायद्यातल्या ‘मंदिरा’च्या व्याख्येत बसत नाहीत.

खटला चालू असताना आणि पुढे अपील उच्च न्यायालयात असताना पायाखालची जमीन सरकत होती. १९५० मध्ये संविधान आले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता रद्द केली आणि अनुच्छेद २५(२)(ख) ने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांच्या हिंदूंना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला. १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९५६ मध्ये मुंबई राज्याने जुना मंदिरप्रवेश कायदा बाजूला सारून नवा, अधिक घट्ट विणलेला कायदा केला. नव्या कायद्यात फक्त हरिजनांचा उल्लेख राहिला नाही. हिंदूंच्या कोणत्याही एका विभागाला किंवा वर्गाला खुले असलेले सार्वजनिक पूजास्थान सर्व विभागांच्या व वर्गांच्या हिंदूंना खुले राहील, असे त्याचे कलम ३ सांगते. पूजास्थानाच्या व्याख्येत हिंदूंबरोबर जैन, शीख आणि बौद्ध यांचाही उल्लेख आला.

‘कोणत्याही एका विभागाला’ या शब्दांनी सत्संगींचा वहिवाटीचा मुद्दा निकामी केला. फक्त सत्संगीच येतात असे सिद्ध झाले तरी, सत्संगी हा हिंदूंचा एक विभाग असेल तर मंदिर सर्व हिंदूंना खुले.

दुसरी एक पळवाट १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. कर्नाटकातल्या मुल्की येथील गौड सारस्वत ब्राह्मणांच्या वेंकटरमण मंदिराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मंदिर एखाद्या विशिष्ट संप्रदायाचे असले आणि अनुच्छेद २६(ख) खाली त्याला आपली धर्मकार्ये सांभाळण्याचा हक्क असला, तरी हिंदूंच्या सर्व वर्गांना प्रवेश देणाऱ्या कायद्यापुढे तो हक्क दुय्यम ठरतो. काही विधी फक्त संप्रदायातल्यांसाठी राखून ठेवता येतील, पण ते इतके नसावेत की इतरांचा प्रवेश नावापुरता उरेल. ‘आम्ही हिंदूच, पण आमचा संप्रदाय वेगळा’ ही भूमिका यापुढे चालणार नव्हती. उरली एकच, आणि ती सगळ्यात अवघड: आम्ही हिंदूच नाही.

उच्च न्यायालयाने मध्यंतरी, ही मंदिरे अनुच्छेद २५ च्या अर्थाने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था आहेत का यावर खालच्या न्यायालयाकडून निष्कर्ष मागवला आणि १९५८ मध्ये सत्संगींचा दावा फेटाळला. वकीलपत्राविषयीचे काही तांत्रिक आक्षेपही घेतले गेले. ते टिकले नाहीत.

वेगळेपणाची चार कारणे आणि त्यांतली भेग

सत्संगींनी आपण वेगळे असल्याची मुख्य कारणे चार दिली. संस्थापक स्वामिनारायण यांनी स्वतःला परमेश्वर मानले; त्यांच्या मंदिरांत पूजेसाठी त्यांची मूर्ती असते; त्यांच्याखेरीज अन्य देवाची उपासना हा श्रद्धाभंग ठरतो; आणि संप्रदायात येण्यासाठी आचार्यांकडून दीक्षा घ्यावी लागते, ती स्त्रियांनाही मिळते.

हिंदू परंपरा थोडीफार जाणणाऱ्याला यातली अडचण लगेच दिसेल. महापुरुषाला ईश्वर मानणे, त्याची मूर्ती बसवणे, एका इष्टदेवतेवर अनन्य निष्ठा ठेवणे, गुरूकडून मंत्र घेणे, यांतले एकही लक्षण हिंदू धर्माबाहेर नेणारे नाही. याच कसोट्या लावल्या तर महानुभाव, वारकरी, लिंगायत, नाथपंथी, सगळेच एकेक करून बाहेर काढता येतील आणि मागे कोणी उरणार नाही.

मोठी अडचण घरातून होती. संस्थापकांची ‘शिक्षापत्री’ १८२६ मधली. २१२ श्लोकांच्या या ग्रंथात ते आपले मत विशिष्टाद्वैत असल्याचे सांगतात, म्हणजे रामानुजांच्या परंपरेशी नाते जोडतात. प्रमाण मानायच्या आठ शास्त्रांत पहिले नाव वेदांचे आहे. पुढे भागवत, गीता, विष्णुसहस्रनाम, विदुरनीती आणि याज्ञवल्क्यस्मृतीही येते. विष्णू, शिव, गणपती, पार्वती आणि सूर्य या पाच देवतांना पूज्य मानावे अशी अनुयायांना आज्ञा आहे. दीक्षेच्या परंपरागत मंत्रात काळ, माया, पाप, कर्म आणि यमदूतांच्या भयातून शरण जायचे ते श्रीकृष्णाला. अहमदाबादच्या मुख्य मंदिराचे नावच नरनारायणाचे. तिसरे कारण तर शिक्षापत्रीच्या पाच देवतांपाशीच अडखळते.

दावा मुळात कमकुवत होता, असे इथे स्पष्ट म्हणायला हवे. वेगळेपण मागणाऱ्यांना त्या वेगळेपणाचा दुसरा काही उपयोग नव्हता. वेगळा विवाह कायदा नको होता, वारसाहक्काचे वेगळे नियम नको होते. वेगळेपण हवे होते ते दारापुरते. सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले. अंधश्रद्धा, अज्ञान आणि हिंदू धर्माच्या तसेच स्वतः स्वामिनारायणांच्या शिकवणुकीच्या खऱ्या अर्थाबद्दलचा संपूर्ण गैरसमज यांवर हा दावा उभा आहे, अशा कडक शब्दांत निकालात त्याची बोळवण झाली.

न्यायालयाने हिंदू कोणाला म्हटले

दावा फेटाळायला वरचे पुरावे पुरले असते. पण पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हिंदू धर्म म्हणजे काय या प्रश्नालाच हात घातला. गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे, घराण्यात संस्कृत पांडित्याची परंपरा. तो व्यासंग निकालात दिसतो. सुरुवातच या कबुलीने होते की, हिंदू धर्माची व्याख्या करणे अशक्य नसले तरी अवघड आहे. त्याला एक प्रेषित नाही, एक देव नाही, एक सिद्धांत नाही, एकच एक विधी नाही. ढोबळपणे त्याला एक जीवनपद्धती म्हणता येईल, त्याहून अधिक काही नाही.

मग कसोटी म्हणून लोकमान्य टिळकांचा श्लोक पुढे आला:

‘प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता । उपास्यानामनियम एतद्धर्मस्य लक्षणम् ॥’

वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची विविधता, आणि कोणाची उपासना करावी याचा नियम नसणे. सत्संगींना हे तिन्ही लागू पडते. त्यांचे वेगळे उपास्य त्यांना बाहेर नेत नाही, उलट तिसऱ्या लक्षणात नेमके बसते. वादाच्या दृष्टीने हा डाव अचूक होता: ज्या गोष्टी वेगळेपणाचा पुरावा म्हणून आणल्या, त्याच हिंदूपणाची खूण ठरल्या.

टिळकांच्या पाठोपाठ मराठी वाचकाला सावरकरांची १९२३ ची व्याख्या आठवते: सिंधू नदीपासून सिंधू म्हणजे समुद्रापर्यंतची भारतभूमी ज्याला पितृभूमी आणि पुण्यभूमी वाटते तो हिंदू. दोन्ही व्याख्या शेजारी ठेवल्या की फरक कळतो. टिळकांची कसोटी प्रमाण आणि उपासनेची. तीत जैन व बौद्ध सहज बसत नाहीत. सावरकरांची भूमीची, तीत ते बसतात. संसदेने १९५५-५६ मध्ये हिंदू विवाह आणि वारसा कायदे करताना तिसराच मार्ग धरला. वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना आणि आर्य समाज नावानिशी आत. बौद्ध, जैन, शीख यांना कायदा लागू. आणि जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही तोही, वेगळी रूढी सिद्ध न झाल्यास, या कायद्याखाली. अनुसूचित जमातींना मात्र केंद्राच्या अधिसूचनेविना वगळलेले. ही यादी श्रद्धेविषयी काहीच विचारत नाही. लग्न, दत्तक आणि वारसा यांसाठी कोणता कायदा लावायचा एवढेच तिचे काम.

एकाच माणसाबाबत तिन्ही कसोट्या वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात. ‘कायद्याने हिंदू’ आणि ‘धर्माने हिंदू’ यांची गल्लत होते ती इथे. अकलूजच्या निकालात ती काळजीपूर्वक टाळली होती.

धर्म या शब्दाची अडचण

निकाल इंग्रजीत आहे आणि त्यातला शब्द ‘रिलिजन’. आपण त्याला धर्म म्हणतो आणि तिथे एक पायरी चुकते. मराठीत शेजारधर्म असतो, राजधर्म असतो, आपद्धर्म असतो. यांपैकी कशाचेही ‘रिलिजन’ होत नाही. शिक्षापत्रीसुद्धा मुख्यतः त्या जुन्या अर्थाचा ग्रंथ आहे. कोणी कसे वागावे, काय खाऊ नये, जमाखर्च रोजच्या रोज कसा लिहावा, आचार्याने, गृहस्थाने, विधवेने, साधूने काय पाळावे, हे त्यात आहे. सत्संगींनी आपला ‘रिलिजन’ वेगळा म्हणून सांगितला आणि त्यासाठी उपास्याकडे बोट दाखवले. न्यायालयाने ‘जीवनपद्धती’ असे उत्तर दिले, म्हणजे आचाराकडे वळण घेतले. पण आचाराच्या बाजूने पाहिले तर त्या मंदिरांत दलितांना न घेणे हाही वर्षानुवर्षांचा आचारच होता. तो धर्म कसा नाही, हे ठरवायला वेदप्रामाण्य किंवा साधनांची विविधता कामाला येत नाही. ते ठरवले संविधानाने.

म्हणूनच निकालाचा सगळ्यात भक्कम भाग टिळकांच्या श्लोकापाशी नसून शेवटी आहे, असे आम्हाला वाटते. मंदिरप्रवेशाचा हक्क हा सर्व सामाजिक सोयी आणि हक्क भोगण्याच्या हक्काचे प्रतीक आहे, आणि सामाजिक न्याय हा संविधानाने सांगितलेल्या लोकशाही जीवनपद्धतीचा पाया आहे, असे तिथे म्हटले आहे. त्यासाठी हिंदू धर्माची व्याख्या लागत नाही.

हक्काची मर्यादाही त्यात नोंदलेली आहे. प्रत्यक्ष मूर्तीची पूजा ठरलेल्या पुजाऱ्यांनीच करायची आणि इतर कोणा भक्ताने नाही, ही प्रथा कलम ३ मोडत नाही. मूळदासांना मिळाले ते इतर भक्तांइतके: जिथवर बाकीचे जातात तिथवर.

पुढे या निकालाचे काय झाले

व्याख्या इतकी ऐसपैस झाली की तिच्यातून बाहेर पडणे कठीण झाले. रामकृष्ण मिशनने आपण स्वतंत्र धर्माचे, म्हणून अल्पसंख्याक, असा दावा केला. महाविद्यालयांच्या कारभारावर सरकारी नियंत्रण नको, हे त्यामागचे कारण. कलकत्ता उच्च न्यायालयाने तो मानला, सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९५ मध्ये नाकारला. मिशन हिंदू धर्मातलाच एक संप्रदाय ठरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईतल्या विलेपार्ले पोटनिवडणुकीच्या प्रकरणात ‘हिंदुत्व ही जीवनपद्धती’ असे म्हणताना न्यायमूर्ती वर्मा यांनी याच निकालातले उतारे वापरले. दलितांसाठी दार उघडताना लिहिलेले वाक्य निवडणूक भाषणाचा अर्थ लावायला आले. संदर्भ बदलला की वाक्याचे वजन बदलते, आणि ते तपासणे हे वाक्य उद्धृत करणाऱ्याचे काम आहे.

आणखी एक खटकणारी गोष्ट. संप्रदायाच्या संस्थापकाला काय म्हणायचे होते हे त्याच्या अनुयायांपेक्षा आम्हाला नीट कळते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. या प्रकरणात ग्रंथाचा आधार मजबूत होता म्हणून ती खपली. ग्रंथच नसलेल्या, तोंडी परंपरेवर चालणाऱ्या पंथाचे काय?

असा वाद आज उभा राहिला तर

१९५६ चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे. देवस्थान प्रवेश नाकारत असेल तर सुरुवात ‘हे हिंदू आहेत का’ यापासून करू नये. पहिला कागद काढावा तो धर्मादाय कार्यालयातल्या न्यासनोंदणीचा, म्हणजे अनुसूची एकचा उतारा. हिंदू देवस्थानांची नोंद तिथे ‘ए’ क्रमांकाखाली असते. तशी नोंद स्वतः करून घेतलेल्या विश्वस्तांना नंतर ‘आम्ही वेगळे’ म्हणणे जड जाते. मग जागा खासगी देवघर आहे की सार्वजनिक, हे वहिवाटीवरून पाहावे: दानपेटी, यात्रा, उत्सवाची वर्गणी, बाहेरच्यांचा वावर. त्यानंतर आज कोण कुठवर जातो याची नोंद करावी; सभामंडप, गाभाऱ्याचा उंबरा आणि गाभारा यांची वेगवेगळी. हक्क तुलनेने मोजायचा असल्यामुळे सगळी लढाई या नोंदीवर ठरते. नकार अस्पृश्यतेच्या कारणावरून असेल तर नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ३ लागते. त्यात एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड आहे. तक्रारीत नकाराची वेळ, शब्द आणि साक्षीदार नसतील तर ती पुढे टिकत नाही.

तुलनेच्या या मापाचा चमत्कारिक परिणाम शनी शिंगणापूरला दिसला. तिथल्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देत नसत. त्याविरुद्ध कार्यकर्त्या विद्या बाळ यांच्या याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी सरकारवर टाकली. देवस्थानाचा पवित्रा असा की चौथऱ्यावर पुरुषांनाही बंदी आहे. सगळ्यांनाच मनाई, म्हणजे भेदभाव नाही. तेवढ्यापुरता तो कायद्याच्या शब्दांत बसत होता. ८ एप्रिलला गुढीपाडव्याच्या दिवशी गावातले पुरुष परंपरेप्रमाणे पाणी घालायला बंदी मोडून चौथऱ्यावर चढले. तुलनेसाठी लागणारे ‘इतर’ त्यांनीच पुरवले, आणि त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा स्त्रियांनाही खुला केला.